धान्याच्या बदल्यात नाव : 'द हंगर गेम्स'ची नायिका आणि ऊसतोडीचा मुलूख

प्रास्ताविक

एकविसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत किशोरवयीन वाचकांसाठी जे कादंबरीलेखन झाले, त्यात सुझन कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेच्या 'द हंगर गेम्स' या कादंबरीचे स्थान महत्त्वाचे आहे. सप्टेंबर २००८ मध्ये ही कादंबरी प्रसिद्ध झाली. 'कॅचिंग फायर' (२००९) आणि 'मॉकिंगजे' (२०१०) या पुढील दोन भागांनी तिची त्रिधारा पूर्ण केली. २०१२ पासून त्यावर चित्रपट निघाले आणि २०२० व २०२५ मध्ये लेखिकेने याच विश्वातील दोन पूर्वकथाही लिहिल्या. आपल्याकडील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत ही कथा बहुधा चित्रपटाच्याच वाटेने पोचते. त्यामुळे धनुष्याला बाण लावून उभी असलेली एक करारी मुलगी, एवढीच तिची प्रतिमा मनात राहते. समीक्षेनेही या नायिकेच्या झुंजारपणाचा भरपूर गौरव केला आहे. तो अस्थानी नाही. परंतु हा झुंजारपणा कोणत्या व्यवहारातून जन्माला आला, याची चौकशी त्या मानाने कमी झालेली दिसते.

हा व्यवहार म्हणजे धान्याच्या बदल्यात नाव लिहून देणे. बीड जिल्ह्यातील वाचकाला तो परका वाटणार नाही. त्याला तो 'उचल' या नावाने ठाऊक आहे. प्रस्तुत लेखात या एका धाग्याने कादंबरी वाचण्याचा प्रयत्न केला असून, असे वाचल्यास कादंबरीची खरी नायिका कोण, हा प्रश्नही नव्याने उभा राहतो, असे प्रतिपादन केले आहे.

कथाविश्व

भविष्यकाळातील उत्तर अमेरिकेच्या भूमीवर 'पॅनेम' नावाचे राष्ट्र आहे. 'पॅनेम' या लॅटिन शब्दाचा अर्थ भाकरी. जनतेला भाकरी आणि खेळ पुरविले की तिला राजकारणाचा विसर पडतो, या अर्थाच्या रोमन कवी जुव्हेनल याच्या प्रसिद्ध उक्तीतून हे नाव घेतलेले आहे. मध्यभागी वैभवसंपन्न राजधानी 'कॅपिटॉल' आणि तिच्याभोवती तिला कोळसा, धान्य, कापड, मासळी पुरविणारे बारा 'डिस्ट्रिक्ट', म्हणजे जिल्हे, अशी या राष्ट्राची रचना आहे. पूर्वी झालेल्या बंडाची शिक्षा म्हणून प्रत्येक जिल्ह्याने दरवर्षी बारा ते अठरा वयोगटातील एक मुलगा व एक मुलगी राजधानीकडे पाठवायची. या चोवीस मुलांनी एकमेकांना ठार मारायचे, उरेल तो विजयी, आणि हे सारे दूरचित्रवाणीवर सक्तीने पाहावयाचे. चिठ्ठ्या काढून मुले निवडण्याच्या दिवसाला कादंबरीत 'रीपिंग' असे नाव आहे, म्हणजे कापणी. सुगीच्या शब्दाला लेखिकेने दिलेली ही कलाटणी शेतीच्या मुलखातील वाचकाच्या कानाला अधिक बोचते.

बाराव्या, कोळसा खाणींच्या जिल्ह्यातील सोळा वर्षांची कॅटनिस एव्हरडीन ही कथेची निवेदक. ती अकरा वर्षांची असताना वडील खाणीतील स्फोटात गेले आणि आई दुःखाने मूक होऊन बसली. घरात धाकटी बहीण प्रिम. उपासमारीच्या टोकावर पोचलेले हे घर कॅटनिसने वडिलांच्या धनुष्याने, कुंपणापलीकडच्या जंगलात चोरून शिकार करून जगविले. प्रिमच्या नावाची चिठ्ठी निघते तेव्हा तिच्या जागी कॅटनिस स्वतः पुढे होते. कथानक येथून वेग घेते आणि बहुतेक चर्चाही येथूनच सुरू होते. वास्तविक ती चार वर्षे मागून सुरू व्हावयास हवी.

टेसेरा आणि उचल

बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे नाव पहिल्या वर्षी एकदा, दुसऱ्या वर्षी दोनदा, असे दरवर्षी एकेकाने वाढत चिठ्ठ्यांत पडते. येथपर्यंत नियम सर्वांना सारखा आहे. परंतु गरीब घरातील मुलाला आणखी एक 'सवलत' आहे. आपले नाव जादा वेळा घालण्यास संमती दिली, तर त्याला एक 'टेसेरा' मिळतो, म्हणजे एका माणसाचे वर्षभराचे जेमतेम धान्य आणि तेल. घरातील प्रत्येक माणसासाठी असा एक टेसेरा घेता येतो आणि जादा पडलेली नावे पुढच्या वर्षी पुसली जात नाहीत, ती साचत जातात. कॅटनिसने बाराव्या वर्षी आई, बहीण आणि स्वतः अशा तिघींसाठी तीन टेसेरा घेतले. एक सक्तीची आणि तीन धान्याची, अशा चार चिठ्ठ्या. सोळाव्या वर्षी तिच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या होतात. तिचा सोबती गेल अठरा वर्षांचा आहे, त्याच्या घरात खाणारी तोंडे अधिक आहेत, आणि त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या बेचाळीस आहेत. हे शब्द प्राचीन रोममधून आलेले आहेत. तेथे धान्यवाटपाच्या खूणचिठ्ठीला टेसेरा म्हणत. लेखिकेने त्या खूणचिठ्ठीला मरणाची चिठ्ठी जोडली, हा या कादंबरीतील सर्वांत भेदक शोध होय.

या हिशेबाशेजारी ऊसतोडीचा हिशेब ठेवून पाहावा. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील कोरडवाहू कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत किंवा कर्नाटकात तोडणीसाठी जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. जाण्यापूर्वी मुकादम उचल देतो. त्या पैशात पावसाळ्यातले किराणा-दुकानदाराचे देणे, दवाखाना, लग्न अशी निकड भागते. मग हंगामभर टनाच्या दराने ती उचल फेडायची. हंगामाअखेर फिटली नाही तर बाकी अंगावर फिरते आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच टोळीत जावे लागते. येथे मोजमापाचे एककही माणूस नसते. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' होतो, एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हणतात. माणसाचे नाव हत्याराच्या नावात विरघळून जाते. (याच जिल्ह्यात गोदाकाठी आणि माजलगावच्या धरणाखाली ऊस उभा असतो, ही विसंगती वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

दोन्ही व्यवहार एकच आहेत, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. उचल हा करार आहे, टेसेरा ही सत्तेने रचलेली क्रूर सोडत आहे. परंतु दोहोंचा गाभा समान आहे. आजच्या भाकरीसाठी उद्याचे शरीर गहाण पडते, ते गहाण दरवर्षी वाढते, आणि कागदोपत्री सारे काही संमतीने घडलेले असते. शरीर गहाण पडणे ही येथे केवळ आलंकारिक भाषा नाही. काम बुडाले की 'खाडा' धरून पैसे कापले जातात, या धास्तीचा आणि अनावश्यक शस्त्रक्रियांचा संबंध २०१९ मध्ये चर्चेत आला. त्या वर्षी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामाच्या निमित्ताने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. पॅनेमची कल्पना अमेरिकेत भविष्यकालीन ठरते. येथे तिची नोंद शासकीय पाहणीत सापडते.

गेलच्या तोंडी कादंबरीत एक मार्मिक निरीक्षण येते. टेसेराची योजना गरिबांना पोसण्यासाठी नसून ज्यांना ती घ्यावी लागते आणि ज्यांना घ्यावी लागत नाही अशा एकाच जिल्ह्यातील माणसांत वैर पेरण्यासाठी आहे, असे तो मानतो. महापौराच्या मुलीच्या नावाच्या चिठ्ठ्या मोजक्या आहेत म्हणून तो तिच्यावर चिडतो, कॅपिटॉलवर नव्हे. कॅटनिसला हे पटते, पण तिला त्यावर बोलायला सवड नाही. संध्याकाळच्या जेवणाची सोय व्हायची असते. तिच्या स्वभावातील तुटकपणाचा उगम येथे आहे. प्रिमला तिने एकही टेसेरा घेऊ दिला नाही, म्हणून प्रिमच्या नावाची केवळ एकच चिठ्ठी पडते, आणि निघते ती नेमकी तीच. कुटुंबातील थोरल्या मुलीने चार वर्षे अंगावर घेतलेले सारे गणित एका क्षणात निष्फळ ठरते. ती पुढे होते ते शौर्याने की हिशेब चुकल्याच्या असह्य जाणिवेने, हे ठरविणे अवघड आहे. कादंबरीचे यश या अवघडपणात आहे.

एका प्रसिद्ध मताचा विचार

लॉरा मिलर यांनी २०१० मध्ये 'द न्यू यॉर्कर'मध्ये लिहिलेल्या लेखात किशोरवयीनांसाठीच्या अशा दुःस्वप्नकथांची मीमांसा केली आहे. प्रौढांसाठीची दुःस्वप्नकथा भविष्याविषयी इशारा देते, तर किशोरांसाठीची कथा वाचकाच्या मनात वर्तमानात चाललेली उलथापालथच मांडते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. त्यांच्या मते 'हंगर गेम्स' राजकीय इशारा म्हणून तर्काला टिकत नाही. शाळकरी वयातील स्पर्धा, कंपूशाही आणि सतत कोणाच्या तरी नजरेखाली असण्याचा ताण यांचे रूपक म्हणून मात्र ती नेमकी उतरते. न्यू यॉर्कच्या वाचकासाठी हे विवेचन बिनतोड आहे. ज्या समाजात शाळा हीच किशोरवयाची एकमेव रणभूमी असते, तेथे रिंगण म्हणजे शाळा असाच अर्थ लागणार.

परंतु ज्या मुलीची शाळा ऑक्टोबरात सुटते आणि एप्रिलात भेटते, तिच्यासाठी हे रूपक उलटे फिरते. तिच्या दृष्टीने शाळा ही रिंगणाबाहेरची जागा होय. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन कोपीत थांबणे, पाणी आणणे, पहाटेच्या थंडीत वाढे गोळा करणे, किंवा आईवडील तोडणीला गेल्यावर गावी आजीजवळ राहून सहा महिने घर चालविणे, हे तिचे किशोरवय. साखरशाळा, हंगामी वसतिगृहे आणि २०२१ मध्ये जाहीर झालेली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना हे सारे प्रयत्न या एका वस्तुस्थितीभोवती फिरतात. अशा वाचकापुढे टेसेरा हे कशाचेही रूपक उरत नाही. तात्पर्य, एखादी कथा रूपकात्मक आहे की वास्तवदर्शी, हे पुष्कळदा वाचकाच्या ताटात काय आहे यावर ठरते, आणि मिलर यांच्या विवेचनात ही शक्यता गृहीत धरलेली नाही.

एकचक्रेची मुलगी

कॉलिन्स यांनी आपल्या कथेचे मूळ थीसियसच्या ग्रीक पुराणकथेत असल्याचे सांगितले आहे. अथेन्सला सात तरुण आणि सात तरुणी क्रीटच्या राक्षसी मिनोटॉरकडे पाठवाव्या लागत, ती ही कथा. मराठी वाचकाला मात्र आधी आठवतो तो बकासुर. महाभारताच्या आदिपर्वात एकचक्रा नगरीतील प्रत्येक घराला पाळीपाळीने गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते नेणारा माणूस राक्षसाला द्यावा लागतो. लहानपणापासून ऐकलेल्या कथेत भीम गाड्यावर बसून अन्न खातो तो भाग रंगतो, आणि त्याआधी ब्राह्मणाच्या घरात काय बोलणे झाले ते विसरले जाते. त्या घरात पती, पत्नी आणि मुलगी यांपैकी प्रत्येक जण 'मी जातो', 'मी जाते' म्हणतो. मुलीचा युक्तिवाद विशेष आहे. कन्या ही कधी ना कधी घराबाहेर द्यावयाचीच असते. तर मग आताच दिल्याने सारे घर वाचत असेल तर काय बिघडले, अशा आशयाचे ती बोलते. 

हा युक्तिवाद ऐकून अंगावर काटा येतो, कारण तो मुलीच्या तोंडी घातलेला कुटुंबाचा हिशेब आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयोगटातील स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले. तोडणीला जाताना वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न त्यामागील अनेक कारणांपैकी एक आहे. बारा ते अठरा हा पॅनेमच्या चिठ्ठ्यांचा वयोगट येथेही जोखमीचाच ठरतो. एकचक्रेच्या मुलीच्या आणि कॅटनिसच्या स्वेच्छेत फरक आहे तो असा : पहिली स्वतःला आधीच वजा झालेली समजते, दुसरी स्वतःला घरातील कर्ता माणूस समजते, आणि म्हणून जाताना आईला दरडावून सांगू शकते की आता पुन्हा कोसळून चालणार नाही. निरोपाचे हे प्रकरण रिंगणातील कोणत्याही झटापटीपेक्षा अधिक धारदार उतरले आहे. कॅटनिसची उग्रता बाणात नाही, ती या दरडावण्यात आहे.

रू : अकराव्या जिल्ह्यातील मुलगी

कॅटनिस शिकारी आहे. कुंपणाखालून सरकून जंगलात जाण्याची, मारलेले सावज चोरबाजारात विकण्याची मुभा ती मिळवते. तिच्यापाशी धनुष्य आहे, म्हणजे उत्पादनाचे साधन आहे. बीडच्या वाचकाची ओळख पटते ती तिच्याहून रूशी. अकरावा जिल्हा शेतीचा. रू बारा वर्षांची, सहा भावंडांत थोरली, वर्णाने गडद तपकिरी. सुगीच्या दिवसांत त्यांना शाळा नसते, सगळ्यांना कामावर जावे लागते. आपण पिकविलेले आपण खाल्ले तर सर्वांसमक्ष फटके बसतात. चपळ आणि हलक्या अंगाच्या मुलांना झाडाच्या शेंड्यावर फळे तोडायला चढवितात. दिवस मावळताना काम सुटल्याचा झेंडा उंचावरून रूलाच आधी दिसतो आणि ती चार सुरांची एक लकेर गाऊन साऱ्या बागेला सुटीची खूण देते. धान्याच्या कोठारात राहून उपाशी असलेली ही मुले पाहून कॅटनिसला नवल वाटते. तिची समजूत अशी की शेतीच्या जिल्ह्यात खायला तरी मिळत असेल. उसाच्या फडात राहणाऱ्या मुलीच्या चहात साखर किती असते, हे ज्याला माहीत आहे त्याला हे नवल वाटणार नाही.

रू मारली जाते. कॅटनिस तिला रानफुलांनी सजविते, आणि अकरावा जिल्हा आपल्या तुटपुंज्या अन्नातून तिला एक भाकरी पाठवितो. एका जिल्ह्याने दुसऱ्या जिल्ह्याच्या मुलीला काही पाठविण्याची ही पहिलीच वेळ. टेसेराने जे वैर पेरले होते ते येथे प्रथमच उसवते. संपूर्ण त्रिधारेतील राजकीय आशय या एका भाकरीत एकवटला आहे, आणि पुढील दोन खंडांतील स्फोट, विमाने व प्रेमाचा त्रिकोण यांपैकी कशालाही ही उंची गाठता आलेली नाही. विशेषतः पीटा की गेल हा प्रश्न लेखिका ज्या चिकाटीने लांबवते, तो प्रकाशनव्यवसायाच्या गरजेचा भाग वाटतो.

मात्र याच ठिकाणी कादंबरीची मर्यादाही उघड होते. रूच्या मरणाने कॅटनिस बंडखोर होते. शेतमजूर मुलीचा जीव जातो आणि शिकारी मुलीच्या व्यक्तिरेखेचा विकास होतो. निवेदन प्रथमपुरुषी असल्याने कॅमेरा कॅटनिसच्या डोळ्यांतून हलत नाही, हे तांत्रिक समर्थन झाले; पण कोणाला प्रथमपुरुषी निवेदन द्यावयाचे, हीच तर लेखकाची निवड असते. २०१२ च्या चित्रपटात रूची भूमिका कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केली, तेव्हा समाजमाध्यमांवर काही प्रेक्षकांनी नाराजी व्यक्त केली. कादंबरीत तिचा वर्ण स्पष्ट लिहिलेला असूनही त्यांनी तो वाचलेलाच नव्हता. हा दोष वाचकांचा खरा, तरी रूला दुय्यम जागी ठेवणाऱ्या रचनेने त्यांना ती सवलत दिली, असेही म्हणता येते.

मराठीतील रिकामी जागा

मराठी कुमार साहित्यात साहसकथेची परंपरा समृद्ध आहे. भा. रा. भागवत यांनी ज्यूल व्हर्नचे विश्व मराठीत आणले आणि फुरसुंगीचा बनेश फेणे निर्माण केला. तो वाचून पिढ्या वाढल्या. परंतु फास्टर फेणेला सायकल आहे, शाळा आहे, आणि जेवायच्या वेळी जेवण आहे. साहसासाठी लागणारी ही सवड मुलाला मिळते; मुलगी या परंपरेत बहुधा बहीण म्हणून किंवा पाहुणी म्हणून येते. विज्ञानकथेत जयंत नारळीकरांपासून भविष्यकाळाची कल्पना समर्थपणे मांडली गेली, पण तिचे प्रश्न प्रामुख्याने विज्ञानाचे आणि प्रौढांचे राहिले.

उपाशी मुलीची झुंज मराठीत नाही असे मात्र नाही. ती दुसऱ्या दालनात आहे. महात्मा फुले यांच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त लिहिलेला निबंध, बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं', ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' या लेखनात ती आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा' (१९५९) मध्ये तर धान्य लुटून वाटण्याची थेट कृती आहे; तेथे भुकेला समाज धान्यासाठी नाव लिहून देत नाही, धान्यच उचलून आणतो. 'उचल' या शब्दाचा हा दुसरा अर्थ कॅटनिसला तिसऱ्या खंडापर्यंत सापडत नाही. मात्र हे सारे साहित्य मराठीच्या अभ्यासक्रमात प्रौढांचे म्हणून शिकविले जाते, आणि बारा वर्षांच्या वाचकाच्या हाती पुन्हा सायकलवरचा मुलगाच दिला जातो. आत्मकथनातील ही मुलगी साहसकथेत का आली नाही, याचे एक कारण लेखकवर्गाच्या अनुभवात असेल, दुसरे असे की गरिबी हा करुणेचा विषय, साहसाचा नव्हे, असा संकेत आपल्या बालसाहित्याने फार काळ पाळला. कॉलिन्स यांनी हा संकेत मोडला. भूक सोसणाऱ्या मुलीची त्यांनी कीव केली नाही. तिला चीड, लबाडी, हिशेबीपणा आणि चुका करण्याचा हक्क दिला.

'कॅचिंग फायर'मध्ये विजययात्रेच्या निमित्ताने कॅटनिस अकराव्या जिल्ह्यात येते. चौकात सारा जिल्हा उभा केलेला आहे, आणि मंचासमोर रूचे आईवडील व तिची पाच भावंडे आहेत. कॅटनिस रूविषयी चार शब्द बोलते. गर्दीतील एक म्हातारा रूची ती चार सुरांची लकेर शिट्टीवर वाजवितो, लोक मूकपणे हात उंचावतात, आणि शिपाई त्या म्हाताऱ्याला सर्वांसमक्ष गोळी घालतात. कॅटनिसला आत ओढून नेले जाते, दार बंद होते, आणि कथा तिच्याबरोबर आगगाडीत बसून पुढच्या जिल्ह्याकडे निघते. मंचाखाली उभ्या असलेल्या त्या पाच भावंडांपैकी आता थोरली कोण, आणि सुगीत झाडाच्या शेंड्यावर कोण चढते, हे पाहण्यासाठी कादंबरी तेथे थांबत नाही.